हिरव्या ढालीचे काका

४ मार्च, बुधवार. सकाळी ७.४०
कॅप्टनचं चॅनल बंद! दात घासायच्या आधी फोन उघडला तर स्क्रीनवर नुसता राखाडी चौकोन. खाली लिहिलेलं, 'तपास पूर्ण होईपर्यंत तात्पुरते स्थगित.' एका मुलीच्या घरच्यांनी त्याचे मेसेज जाहीर केलेत म्हणे. मुलगी पंधरा वर्षांची. मेसेज वाचले नाहीत. अर्धवट माहितीवर मत बनवणाऱ्यांतला मी नाही.

नोंद राहावी म्हणून लिहून ठेवतो. कॅप्टन रोज संध्याकाळी सात ते नऊ (रविवारी दुपारीच) लाइव्ह गेम खेळायचा आणि अकरा हजार पोरंसोरं ते बघत बसायची. खालच्या चॅटमध्ये शिस्त ठेवणाऱ्या नऊ-दहा मॉडरेटरांपैकी एक मी. तीन वर्षं, विनामूल्य. माझ्या नावापुढे हिरवी ढाल. मुलं मला काका म्हणतात. या तीन वर्षांत माझ्या नजरेला काही वावगं पडलं नाही. अजिबात पडलं नाही.

संकल्प : पुढचे चोवीस तास या विषयावर एक अक्षर लिहायचं नाही.

सकाळी ७.५२
चाहत्यांच्या ग्रुपवर लिहिलं, 'दोन्ही बाजू ऐकल्याशिवाय निष्कर्ष काढू नये. सत्य बाहेर येईलच.' चारशे बारा लाइक.

दुपारी १.१५, दातांची लॅब
सत्य बाहेर आलं. कॅप्टनने स्वतःच व्हिडिओ टाकला. नेहमीची कॅप्टनची टोपी नाही, जमिनीवर बसलेला, डोळे लाल. म्हणाला, माझ्याकडून चुका झाल्या, मी पण माणूसच आहे. चुका, अनेकवचन. सकाळची कमेंट काढून टाकली. तोवर सातशे लाइक झाले होते. वाईट वाटलं. लाइकचं नव्हे, एकूण प्रकरणाचं.

५ मार्च, गुरुवार
इंटरनेटवर आज तीन पंथ झालेत. एक, त्याच्या नावाच्या विकत घेतलेल्या टोप्या जाळणारे. दोन, विनोद करणारे. तीन, 'मला आधीपासूनच माहीत होतं' म्हणणारे. विचारांती मी तिसऱ्यात सामील झालो. लिहिलं, 'त्याच्या डोळ्यांत मला नेहमीच काहीतरी खटकायचं.'

जेवताना मुलगी म्हणाली, बाबा, तुला खटकायचं? मी म्हटलं, अंतर्मनात. ती म्हणाली, मग तू त्याच्या फोटोचा कॉफीमग का विकत घेतलास?

मुलगी तेरा वर्षांची आहे. या वयात मुलं उलट उत्तरं देतात, मी वाचलंय. ती स्वतःही कॅप्टनला बघायची आणि आठ महिन्यांपूर्वी एकदम बंद केलं. मी विचारलं होतं तेव्हा म्हणाली होती, चॅटमध्ये मुलींबद्दल काहीबाही लिहितात. मी म्हटलं होतं, मी असताना कसं लिहितील? त्यावर ती उठून गेली होती. वयच तसं.

कॉफीमग साखरेच्या डब्यामागे ठेवला.

६ मार्च, शुक्रवार. दुपारी
ठरलं. खरा गुन्हेगार कॅप्टन नाहीच, खरा गुन्हेगार प्लॅटफॉर्म! कंपनी! अब्जावधी मिनिटं मुलांना स्क्रीनपुढे बसवते आणि तक्रारीचं बटण कुठे ठेवते? तीन ठिपक्यांच्या आत, मग 'अधिक'च्या आत, मग 'इतर'च्या आत. मी स्वतः शोधायला गेलो तर सहा मिनिटं लागली. तेरा-चौदा वर्षांच्या मुलीने कसं शोधावं? मग ती मुलं समोर जो दिसेल त्याला सांगतात.

म्हणजे कोणालाही सांगतात. सर्वसाधारण बोलतोय.

जाहीर पत्राचा मसुदा लॅबमध्येच सुरू केला. शीर्षक, 'मुलांची राखण कोण करणार?' सात मुद्दे झाले. चौथ्या मुद्द्यावर लिहिता लिहिता माझेच डोळे पाणावले.

लॅबवाल्या बाई मागे उभ्या होत्या हे कळलं नाही. म्हणाल्या, हे कोणाचे दात आहेत? बघितलं तर एका नाजूक चणीच्या आजींच्या कवळीत मी कुणा पहिलवानाच्या मापाचे दात बसवले होते. अजून कच्च्या मेणावरच होते, काढता आले, म्हणून बरं. बाई म्हणाल्या, तोंड मिटणार नाही त्यांचं. मी म्हटलं, बाई, समाजात काय चाललंय बघताय ना! त्या म्हणाल्या, मी दात बघतेय.

सोळा वर्षं लोकांची तोंडं घडवतोय, पण या लॅबमध्ये माझ्या शब्दाला काडीची किंमत नाही. चॅटमध्ये मी नुसतं 'पुरे' लिहिलं की अकरा हजार जण गप्प व्हायचे. कॅप्टन एकदा लाइव्हवर म्हणाला होता, काका आहेत म्हणून हे घर सुरक्षित आहे. त्या दिवशी मी घरी येताना कलिंगड आणलं होतं. कारण कोणालाच सांगितलं नव्हतं.

संध्याकाळी ६.३० : पत्र टाकलं.

८ मार्च, रविवार
पत्र सुसाट! नऊ हजार लोकांनी पुढे पाठवलं. 'जागरूक पालक', 'असे काका घरोघरी हवेत', 'डोळ्यांत पाणी आलं' (चौथा मुद्दा असणार). एका बातम्यांच्या साइटवरून फोन आला. मी म्हटलं, मी प्रसिद्धीपासून लांब राहतो. मग फोटो पाठवला. निळ्या शर्टातला.

ताईचाही फोन आला. म्हणाली, लहानपणापासून तू असाच, अन्याय दिसला की पेटून उठायचास. मला आठवत नाही, पण ताई मोठी आहे, तिला जास्त आठवत असणार.

बायको कपडे वाळत घालत होती. पाठमोरीच म्हणाली, तीन वर्षांत तुझ्याकडे एकाही मुलाची तक्रार आली नाही? मी म्हटलं, तशा तक्रारी थेट कंपनीकडे जातात. तिने टॉवेल झटकला. पोस्टाच्या खिडकीवर एकोणीस वर्षं बसून तिला एक सवय लागली आहे, समोरचा बोलून झाला तरी ती थोडा वेळ वाट बघते. पाकिटात अजून काही असेल, अशी.

मी म्हटलं, आत जाऊन बघतो भाजी लागली का. भाजी गॅसवर नव्हती.

९ मार्च, सोमवार. सकाळी ६.१५
एक तांत्रिक बाब नोंदवून ठेवतो. ही वही माझ्या एकट्याची आहे, म्हणून.

एक मुलगी होती. चॅटमधलं नाव 'निळी छत्री'. मागच्या वर्षी जूनमध्ये तिने मला खासगी मेसेज केला होता. रविवारी दुपारी. मोठ्या स्पर्धेची फायनल चालू होती, चॅट नुसतं वाहत होतं, त्या दिवशी ड्यूटीवर मी एकटा. तिने लिहिलं होतं, 'काका, कॅप्टन मला वेगळे मेसेज करतात. माझे फोटो मागतात. आईला सांगू नको म्हणतात. मी काय करू?'

मी तिला एक छोटं उत्तर दिलं आणि चोवीस तासांसाठी म्यूट केलं. नियम क्रमांक सहा, लाइव्ह चालू असताना मॉडरेटरला खासगी मेसेज करू नये. नियम सगळ्यांना सारखा.

चोवीस तासांनी ती परत लिहील असं मला वाटलं होतं. तिने लिहिलं नाही, म्हणजे तिचा प्रश्न सुटला असणार.

असं मला तेव्हा वाटलं. खरं तर तेव्हा काहीच वाटलं नाही. फायनल कॅप्टन जिंकला होता.

जाहीर झालेले मेसेज कोणाला आलेले, ते माहीत नाही. ती पंधरा वर्षांची आहे. निळी छत्री दुसरीच कोणी असू शकते. दुसरीच असेल.

सकाळी ७.००
दुसरीच असेल तर त्या दोघी झाल्या. हे आत्ता लक्षात आलं.

११ मार्च, बुधवार
माझं ते उत्तर काढून टाकायचा प्रयत्न केला. लपवायला नव्हे, जुनं सामान आवरायचं म्हणून. प्लॅटफॉर्म म्हणतो, 'या चॅनलशी संबंधित मेसेज तपासासाठी राखून ठेवले आहेत.' आता जागे झालेत! कालपर्यंत कुठे होते?

माझ्या जाहीर पत्राला कंपनीचं उत्तर आलं. जसंच्या तसं : 'आपण कळवलेला मजकूर आम्ही तपासला. त्यात आमच्या नियमांचे कोणतेही उल्लंघन आढळले नाही. आपला समुदाय सुरक्षित ठेवल्याबद्दल आभार.' म्हणजे मी कंपनीविरुद्ध केलेली तक्रार कंपनीने वाचलीच नाही. यंत्राने वाचली असेल, दोन-चार सेकंदांत. एखाद्याने जीव तोडून लिहावं आणि समोरच्याने न वाचता साचेबद्ध उत्तर फेकावं, याहून मोठा अपमान नाही.

हे वाक्य दुसऱ्या पत्रासाठी घेतलं होतं. परत वाचलं आणि काढलं.

१३ मार्च, शुक्रवार
कंपनीने मला प्रमाणपत्र पाठवलं. सोनेरी किनार, खाली कोणाची तरी सही. 'सुरक्षित मंच सन्मान. तक्रारींचा सर्वांत जलद निपटारा करणारे मॉडरेटर. सरासरी वेळ : अकरा सेकंद.' ज्यांचं चॅनल बंद पडलंय त्यांना तरी हे पाठवू नये एवढंही तिथे कोणाला सुचलं नाही. यादीतून आपोआप जात असणार.

पाठवलं ते घरच्या टॅबवर. टॅब मुलीकडे होता.

म्हणाली, बाबा, तक्रारी तुझ्याकडे यायच्या? मी म्हटलं, किरकोळ. भांडणं, शिव्या वगैरे. म्हणाली, अकरा सेकंदांत काय होतं? मी म्हटलं, अनुभव असला की एका नजरेत कळतं. मग तिने फोनवर स्टॉपवॉच लावलं आणि टॅब माझ्या हातात देऊन म्हणाली, हे प्रमाणपत्रच वाच. मोठ्याने.

सहीपर्यंत पोचलो तेव्हा सतरा सेकंद झाले होते.

ती हसली नाही. हसली असती तर मी पण हसलो असतो आणि विषय संपला असता.

१५ मार्च, रविवार
चांगली बातमी. मुलीच्या शाळेतून मुख्याध्यापिका बाईंचा फोन. माझं पत्र त्यांनी वाचलंय. बुधवारी पालकसभा आहे, आठवी-नववीची मुलंही असतील, 'मुलं आणि ऑनलाइन सुरक्षितता' यावर बोलाल का? मी म्हटलं, कॅलेंडर बघून सांगतो. कॅलेंडर समोरच होतं. बुधवारी 'गॅस' एवढंच लिहिलेलं. हो म्हटलं.

बायकोला सांगितलं. ती म्हणाली, तुला जायचंय? मी म्हटलं, जायला हवं, समाजाला गरज आहे. तिने परत तिची ती वाट बघितली. मी भाषण लिहायला उठलो.

मुलीला सांगितलं. ती म्हणाली, नको ना येऊस. या वयात कोणत्याच मुलांना आईबाप शाळेत आलेले आवडत नाहीत.

१८ मार्च, बुधवार. संध्याकाळी ५.४०
भाषण झालं. चाळीस मिनिटं. माइक मध्येच चिरकायचा, तरी पकड घेतली. प्लॅटफॉर्मला मी धारेवर धरलं. नफा, अल्गोरिदम, जबाबदारी झटकण्याची वृत्ती. 'ऐकून घेणारं एक तरी मोठं माणूस प्रत्येक मुलाला हवं,' या वाक्याला टाळ्या पडल्या.

मग प्रश्न. मागच्या बाकावरून एक मुलगी उभी राहिली. आठवीतली असावी, वेणीला पेन अडकवलेलं. म्हणाली, सर, आपण मोठ्या माणसाला सांगितलं आणि तो म्हणाला गप्प बस, तर मग कोणाला सांगायचं?

साधा प्रश्न होता. मी चार मिनिटं बोललो. तक्रार-धोरण, वयाची पडताळणी, परदेशांतले कायदे. ती उभीच होती. मी थांबलो तेव्हा म्हणाली, हो, पण कोणाला?

मुख्याध्यापिका बाई उठल्या आणि म्हणाल्या, मला येऊन सांगायचं. मी ऐकलं नाही तर वर्गशिक्षकांना सांगायचं, त्यांनी ऐकलं नाही तर घरी, नाहीतर मुलांच्या हेल्पलाइनला फोन करायचा, आणि कोणीतरी ऐकेपर्यंत सांगत राहायचं. बस.

बारा-पंधरा सेकंदांचं उत्तर असेल. ती मुलगी खाली बसली.

मला पुष्पगुच्छ मिळाला. माझी मुलगी तिसऱ्या रांगेत होती, नंतर बघितलं तर तिची खुर्ची रिकामी. घरी एकटाच चालत आलो. गुच्छ हातात धरून चालताना माणूस फार मूर्ख दिसतो.

२० मार्च, शुक्रवार. संध्याकाळी ६.०५
बातमी आली. तपासात आणखी मुली पुढे आल्या आहेत. त्यांतल्या काहींनी आधी मॉडरेटरना सांगितलं होतं, त्यांना मिळालेली उत्तरं साइटने छापली आहेत. मुलींची नावं झाकलेली, मॉडरेटरचीही. तिसरं उत्तर असं : 'कॅप्टन सगळ्यांशीच प्रेमाने बोलतो. बाळा, उगाच गैरसमज करून घेऊ नये.' पुढे हात जोडलेले आणि एक पिवळं फूल.

खाली तीनशे चाळीस कमेंट होत्या. सगळ्या वाचल्या. पिवळ्या फुलावरच बहुतेकांचा राग. 'शोधा याला', 'याच्या घरी मुलंबाळं आहेत की नाही', 'कॅप्टनपेक्षा हा नीच'. एकाने मलाच टॅग केलं होतं, 'काका, तुम्हीच आता या हलकट माणसाला शोधून काढा. आम्ही तुमच्या मागे आहोत.'

मी त्याला लाइक दिला.

का दिला ते माहीत नाही. बोट आपोआप गेलं. तो परत काढायला घेतला, तर वाटलं, काढलेलं जास्त दिसेल.

संध्याकाळी ७.३०
मुलगी खोलीतून बाहेर आली. फोन जेवणाच्या टेबलावर ठेवला, तीच बातमी उघडलेली. शेजारी टॅब ठेवला, त्यावर आमचा घरचा ग्रुप. परीक्षेला जाताना मी तिला पाठवलेला मेसेज, 'बाळा, उगाच टेन्शन घेऊ नये', पुढे हात जोडलेले आणि पिवळं फूल. ताईच्या वाढदिवसाला फूल. बायकोला 'दूध आण' लिहिलं त्यालाही फूल.

म्हणाली, हा तू आहेस?

मी म्हटलं, पिवळं फूल खूप लोक टाकतात.

ती वाट बघत राहिली. वाट बघण्याची आईची सवय तिच्यातही उतरली आहे, हे मला आजवर माहीत नव्हतं. बायको ओट्याशी उभी होती, पाणी वाहत होतं, तिने नळ बंद केला.

मी म्हटलं, हो.

मुलीने विचारलं, किती वर्षांची होती? मी म्हटलं, माहीत नाही, विचारलं नव्हतं. म्हणाली, मग बाळा का म्हणालास?

टॅब उचलून ती खोलीत गेली. दार आपटलं नाही. हळू लावलं, कडीचा आवाजही आला नाही.

२१ मार्च, शनिवार
संकल्प : जाहीर कबुली. आजच. कोणतीही पळवाट नाही.

पहिला मसुदा, नऊ पानं. त्यातली साडेआठ प्लॅटफॉर्मवर. दुसरा मसुदा, चार पानं. 'मीही या व्यवस्थेचा बळी' असं एक वाक्य आलं, ते चांगलं होतं, पण बायकोला वाचून दाखवल्यावर ती म्हणाली, ते नऊ वेळा मोठ्याने म्हण. तिसऱ्यांदाच जीभ अडखळली. तिसरा मसुदा, एक परिच्छेद. तो टाकायला बटणावर बोट नेलं आणि ते नऊ हजार लोक डोळ्यांसमोर आले. निळ्या शर्टातला फोटो आला.

उद्या टाकतो. रविवारी लोक निवांत वाचतात.

दुपारी ३.००
बाल संरक्षण कार्यालयातून फोन. एक बाई बोलल्या, आवाज शांत. म्हणाल्या, जबाब नोंदवायला मंगळवारी अकरा वाजता या, येताना ओळखपत्र आणा. मी म्हटलं, मी स्वतःच संपर्क करणार होतो. त्या म्हणाल्या, हो का, बरं.

आता जाहीर कबुली थांबवणं भाग आहे. तपासात अडथळा नको.

२३ मार्च, सोमवार
लॅबमध्ये उद्याची अर्ध्या दिवसाची रजा मागितली. बाईंना कारण सांगताना ठरवलं होतं, 'सरकारी कामात तज्ज्ञ म्हणून बोलावलंय' म्हणायचं. तोंडातून भलतंच आलं. सगळंच आलं. बाई हातातलं प्लास्टर ढवळत होत्या. ते घट्ट होईपर्यंत ढवळतच राहिल्या, एरवी एक वाटीही वाया जाऊ देत नाहीत. मग एवढंच म्हणाल्या, उद्या पूर्ण दिवस घ्या.

पण खचून चालणार नाही. फाइल तयार केली. सेहेचाळीस पानं. अनुक्रमणिका, आलेख, तक्रारीचं बटण किती आत आहे याचे सात स्क्रीनशॉट, तीन वर्षांत कंपनीने मला किती प्रशिक्षण दिलं त्याचं पान (कोरं ठेवलंय, परिणाम साधतो). ही फाइल बघितल्यावर प्रकरणाला वेगळी दिशा मिळेल. कदाचित मला सल्लागार म्हणूनही बोलावतील.

बायको म्हणाली, काय झालं तेवढं सांग आणि ये.

२४ मार्च, मंगळवार. दुपारी २.३०
झालं.

छोटी खोली. भिंतीला खेळण्यांचं कपाट, काचेच्या आत एक कापडी हत्ती आणि ठोकळे. लहान मुलांशी पण इथेच बोलत असणार. मला जी खुर्ची दिली तिच्या शेजारी एक बुटकी खुर्ची होती. सारखं तिकडे लक्ष जात होतं.

अधिकारी बाई माझ्याहून लहान, चष्मा केसांवर ढकललेला. मी फाइल पुढे केली. त्यांनी ती घेतली, जाडी बघितली आणि टेबलाच्या कोपऱ्यावर ठेवली. म्हणाल्या, कंपनीला आम्ही वेगळं बोलावलंय, त्यांनाही हेच विचारणार आहोत, त्यांना सोडणार नाही. पण आज या खुर्चीत तुम्ही आहात. मेसेज किती वाजता आला?

चार बावन्नला.

तुम्ही पूर्ण वाचलात?

मी म्हटलं, त्या वेळी चॅटचा वेग असा असतो की. त्या म्हणाल्या, पूर्ण वाचलात का?

हो, वाचला होता. हे मी या वहीतही लिहिलं नव्हतं. पूर्ण वाचला होता. दोनदा. आणि मनात आलेला पहिला विचार असा होता की हे बाहेर गेलं तर चॅनल बंद होईल आणि ढाल जाईल. मुलीचा विचार दुसराही नव्हता.

तेही सांगितलं. त्यांनी टाइप केलं. मी एवढा वेळ बोललो पण कागदावर साडेतीन ओळी झाल्या. त्यांनी छापून दिल्या, म्हणाल्या, वाचून बघा, बरोबर असेल तर सही करा. वाचल्या. एकही चूक काढता आली नाही.

टेबलावरच्या दुसऱ्या एका कागदावर तारखा होत्या, त्यावरून कळलं, की माझ्या त्या उत्तरानंतर कॅप्टनचे तिला मेसेज आणखी पाच महिने चालू होते. अधिकारी बाईंनी हे मला मुद्दाम सांगितलं नाही. कागद समोर होता.

निघताना विचारलं, फाइल ठेवून जाऊ का? त्या म्हणाल्या, बटणाची पानं ठेवा, ती कामाची आहेत. बाकीची घेऊन जा. सात पानं ठेवली. एकोणचाळीस परत आणली.

संध्याकाळी ६.००
तिसरा मसुदा टाकला. एक परिच्छेद, फूल नाही. फोन बायकोकडे देऊन टाकला. तिने तो उलटा करून फ्रिजवर ठेवला.

२५ मार्च, बुधवार. सकाळी
लोकांनी काय लिहिलं ते बायकोने वाचलं, मला सांगितलं नाही. ताईचा फोन आला होता, तो तिने घेतला. बराच वेळ नुसतं हं, हं म्हणत होती. शाळेने त्यांच्या पानावरून माझ्या भाषणाचा फोटो काढलाय.

मुलगी पाच दिवसांनी आज माझ्याशी बोलली. शाळेचे बूट घालत होती. खाली बघूनच म्हणाली, काल काय झालं? मी सगळं सांगितलं. हत्ती, बुटकी खुर्ची, साडेतीन ओळी, पाच महिने. कुठे काही गाळलं नाही, याचं मला मनातून थोडं बरंही वाटलं.

तिने नाडी बांधली. म्हणाली, आणि ती आता कशी आहे?

मी म्हटलं, कोण?

तिने वर बघितलं.

दीड तास मी त्या खोलीत होतो. फाइल ठेवू का विचारलं, गाडी कुठे लावायची ते विचारलं, सहीला काळं पेन चालेल का तेही विचारलं. हे विचारलं नाही.

२६ मार्च, गुरुवार. दुपारी १.२०, लॅब
कार्यालयात फोन केला. अधिकारी बाईच होत्या. विचारलं, ती मुलगी कशी आहे? त्या म्हणाल्या, ते मला तुम्हाला सांगता येणार नाही. बरोबरच आहे. मी म्हटलं, ठीक आहे, ठेवतो. तेवढ्यात त्या म्हणाल्या, तुम्हाला धरून नऊ मॉडरेटर येऊन गेले. हे विचारणारे तुम्ही पहिलेच.

नऊ जणांत पहिला!

हे लिहून झाल्यावर ऊर जरा भरून आला. प्लास्टर कालवलं, एक साचा ओतला, बाईंना सहज सांगावं म्हणून त्यांच्या टेबलापर्यंत गेलोसुद्धा.

मग परत येऊन बसलो. प्रश्न माझा नव्हता. मुलीने बूट घालता घालता विचारलेला होता.